आतली लोकर

चिवड्याचे केस गळायला लागले की अख्ख्या सोसायटीला कळत असे. कर्णिकांचा हा गोल्डन रिट्रीव्हर राहायला सातव्या मजल्यावर, पण त्याचे केस तळमजल्यापर्यंत सगळ्यांकडे जाऊन येत. शेवटी सेक्रेटरी इंद्रजित भल्ला यांनी जाहीर केलं: रविवारी बाराला लिफ्ट तपासणार. एक जरी केस सापडला, तर चिवडा कायमचा जिन्याने.

चिवड्याचं काही म्हणणं नव्हतं. म्हणणं होतं ते त्याला रोज फिरवणाऱ्या इंदुमतीबाई कर्णिकांच्या गुडघ्यांचं. चिवड्याची लिफ्ट गेली की त्यांचं दिल्लीतलं मयूर विहार बाल्कनीपुरतं उरणार होतं.

रविवारी सकाळी बाई फिजिओथेरपीला गेल्या आणि तिथून त्यांनी मुलाला फोन लावला. धीरज जन्मापासून दिल्लीत. त्याचं मराठी म्हणजे मधले दात पडलेला कंगवा.

"धीरज, चिवड्याला आंघोळ घाल. पण आधी आतली लोकर काढ."

"लॉकर?"

"हो, लोकर! आंघोळीच्या आधीच. एकदा ओली झाली की वाट लागते."

"सगळं काढू?"

"सगळी. वरच्याला हात लावू नकोस, फक्त आतली. हळू ओढ. आणि बादली घेऊन बस, बादलीभर निघेल."

"बिल्कुल!" धीरज म्हणाला. ऑफिसात तो मॅनेजर होता. न समजलेल्या गोष्टीला होकार द्यायची त्याला सवय होती.

कपाटातल्या ज्या लॉकरला आईने बाबांनाही कधी हात लावू दिला नव्हता, तो ती आज उघडायला सांगत होती. धीरजने विचार केला आणि त्याला पटलंही. ओला कुत्रा घरभर अंग झाडणार, कागद भिजणार. आई म्हणजे कमाल दूरदृष्टी! त्याने वरच्या कप्प्याला हात न लावता, लॉकर हळू ओढून, आतलं सगळं बादलीत भरलं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात काळा ट्रॅकसूट घातलेले भल्ला.

"चलिए धीरजजी, टाइम हो गया."

दार उघडं बघताच चिवड्याने बादलीतलं एक पाकीट तोंडात धरलं आणि थेट लिफ्ट गाठली. मागोमाग धीरज, त्याच्या मागे भल्ला. दार बंद झालं आणि सातव्यापासून तळापर्यंत चिवड्याने मनसोक्त अंग झाडलं.

खाली इंदुमतीबाई लिफ्टची वाट बघत उभ्या होत्या. दार उघडलं. भल्लांचा ट्रॅकसूट सोनेरी झाला होता.

"आंटीजी, एक बाल की बात थी! ये तो पूरी रजाई है!"

"धीरज, लोकर काढली नाहीस?"

"काढलं ना आई! पूर्ण लॉकर खाली केलं. बादलीत आहे."

बाईंनी डोळे मिटले. चिवड्याने पाकीट भल्लांच्या पायाशी टाकलं आणि त्यातून एक फोटो घसरला. भल्लांनी उचलला आणि ते बघतच राहिले. लिफ्टचं उद्घाटन. हातात कात्री घेतलेले धीरजचे बाबा, गुलाबराव कर्णिक. शेजारी दहा वर्षांचा गुबगुबीत इंद्रजित आणि त्याने कवटाळलेला झिपरा अल्सेशियन.

"अरे... ये तो हमारा शेरू!"

"या लिफ्टचा पहिला पॅसेंजर," बाई म्हणाल्या, आणि मग समोरच्याला कळेल अशा हिंदीत, "इनका कोट देखो. काला था. मैं महीनाभर ब्रश मारती थी. पर हमने शेरू को सीढ़ी नहीं दिखाई."

भल्लांनी गुलाबरावांचा कोट बघितला, मग स्वतःचा ट्रॅकसूट.

"आंटीजी," आवाज खाली आला होता, "इलाज क्या है इसका?"

"नहाने से पहिले अंदर की लोकर निकालना, फणी से, बाल जिधर जाते उधर. फिर नहाना, एकदम सुखाना, फिर से फणी. और कितनी भी गर्मी हो, गोटा नहीं करना."

भल्लांनी सगळं मोबाइलवर लिहून घेतलं.

सोमवारी लिफ्टमध्ये त्यांच्या सहीची सूचना लागली: 'कुत्तों का लिफ्ट में स्वागत है. कृपया पहले उनका अंदर का लॉकर खाली करें.'

बाई चिवड्यासोबत ती वाचत खाली जात होत्या. तिसऱ्या मजल्यावर एक शेजारीण आपला पग जातीचा कुत्रा घेऊन आत शिरली.

"आंटीजी, इस लॉकर की चाबी किसके पास रहती है?"

"मेरे पास," इंदुमतीबाई म्हणाल्या आणि त्यांनी पर्समधून फणी काढली.