डॉक्टर कोनापुरे आणि मरीआईचा मुक्काम

आमच्या कॉलनीतले निवृत्त मामलेदार वारले, तेव्हा आम्ही सगळे त्यांच्या ओट्यावर माना खाली घालून बसलो होतो. कुणीतरी हळूच म्हणालं, "हार्ट अटॅक." चार-पाच जणांनी सुस्कारे सोडले. तेवढ्यात कोपऱ्यातून खणखणीत आवाज आला, "उघडून बघितलं का कुणी?"

ते डॉक्टर कोनापुरे. विजापूर रस्त्यावरच्या आमच्या कॉलनीत त्यांच्या आणि माझ्या घरात एकच भिंत होती. त्यामुळे त्यांच्या वतीनं माफी मागत फिरायचं काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे आलं. "अहो, त्यांचा उद्देश वाईट नाही," मी सांगत होतो. तो खरंच नव्हता. डॉक्टर जनावरांचे होते, आणि त्यातही गोळ्या-इंजेक्शनं देणारे नव्हेत. सरकारनं त्यांना सोलापुरात ठेवलं होतं ते साथी शोधायला. मेलेलं जनावर उघडायचं, ते कशानं मेलं हे बघायचं आणि पुण्याला कळवायचं. आयुष्यभर हेच केल्यावर माणसाला म्हैस आणि मामलेदार यांत फरक वाटेनासा होतो, आणि आमच्या मामलेदारांच्या बाबतीत तो आधीही फारसा कुणाला वाटला नव्हता.

"बघितलं कुणी?" हे त्यांचं ब्रह्मवाक्य. गवळी दुधात पाणी घालतो म्हटलं, की "बघितलं कुणी?" अमक्याची मुलगी तमक्याबरोबर सिनेमाला दिसली म्हटलं, की "बघितलं कुणी?" कॉलनीतल्या बायका त्यांना पाहिलं की विषय बदलायच्या. माणूस कट्टर शाकाहारी. अंड्याचं नाव काढलं तरी तोंड फिरवायचा, आणि दिवसभर कोपरापर्यंत हात मेंढीच्या पोटात. मूळचे अक्कलकोटकडचे, त्यामुळे माणसांशी मराठीत आणि जनावरांशी कन्नडमध्ये बोलत. "मराठीत सांगितलं की जनावर वाद घालतं," असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांच्या दाराशी फिनेलमध्ये भिजवलेलं गोणपाट असे. त्यावर पाय पुसल्याशिवाय आत प्रवेश नाही, आणि पाय पुसून जावं असं आत काही नव्हतं. एक टेबल, त्यावर सूक्ष्मदर्शक, एक लोखंडी खाट आणि भिंतीवर जिल्ह्याचा भलामोठा नकाशा. सकाळी भाकरी थापायचे, त्याच संध्याकाळी शेंगाच्या चटणीबरोबर खायचे. त्यांच्याकडे कधी कुणी पाहुणा आलेला मला आठवत नाही.

बाहत्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. लोकांनी पुन्हा कशीबशी जनावरं उभी केली होती, तेवढ्यात पूर्वेकडच्या गावांत बुळकांडी आली, गाईम्हशींपासून शेळ्यामेंढरांपर्यंत कुणालाच न सोडणारी साथ. आधी ताप, मग तोंडात फोड, मग हगवण, की आठवड्याभरात गोठा रिकामा. साथ एका गावातून दुसऱ्या गावात चालली होती आणि ती कशी चालते ते कुणाला कळत नव्हतं.

पुण्याच्या साहेबांना मात्र खुर्चीत बसल्याबसल्या कळलं. त्यांनी लिहिलं, माळावरची काळविटं रोग पसरवत असावीत, तपास करावा. काळविटावर संशय घेण्यात मोठी सोय असते. ते अर्ज करत नाही आणि त्याला मतही नसतं. आपापल्या बंदुका पुसून दोन-चार बागाईतदार मदतीला तयारही झाले. डॉक्टर पाण्याची बाटली घेऊन माळावर गेले आणि कित्येक दिवस गवतात पालथे पडून राहिले. काळविटं ठणठणीत होती. एकच मेलेलं सापडलं, ते त्यांनी उघडलं, तर आत छर्रे निघाले. "काळवीट निर्दोष आहे," त्यांनी पुण्याला कळवलं, "माळावर सध्या एकच साथ आहे, ती बंदुकीची." या वाक्यामुळे त्यांची वार्षिक वेतनवाढ अडली असं ऐकतो. बघितलं मात्र मी नाही.

त्यानंतर एक दिवस डॉक्टर मधल्या गल्लीतल्या कासाराकडे गेले आणि कुंकवाच्या टिकल्या मागितल्या. "केवढ्या?" "बारक्या. लई पाहिजेत." कासारानं हसून विचारलं, "कुणासाठी, डॉक्टर?" डॉक्टर म्हणाले, "गावांसाठी." संध्याकाळपर्यंत कॉलनीत डॉक्टरांचं लग्न ठरलं होतं. मुलगी विजापूरची आहे इथवर तपशील गेला होता. मी अभिनंदन करायला गेलो, तर डॉक्टर खुर्चीवर उभे राहून नकाशावर टिकल्या चिकटवत होते. जिथं बुळकांडी आली तिथं टिकली.

"बघा की," ते म्हणाले. "रस्त्यानं जात नाही. ओढ्यानं जात नाही. बाजाराच्या गावाला तर शिवलीसुद्धा नाही. पण सरळ चाललीय. कुणीतरी हात धरून नेल्यासारखी."

नेणारं कोण, ते त्यांना धुळाप्पानं सांगितलं. धुळाप्पा म्हणजे साथ लागलेल्या एका गावातला म्हातारा धनगर, मरीआईच्या गाड्याचा मानकरी. रोगराई आली की त्या भागात मरीआईची लाकडी मूर्ती लहानशा हातगाड्यावर बसवतात, खणानारळानं ओटी भरतात, गाड्याला गावातलं एक बकरं बांधतात आणि वाजतगाजत पुढच्या गावाच्या शिवेवर नेऊन सोडतात. देवीबरोबर रोगही गेला. पुढचं गाव तिचा मुक्काम करतं, आपलं बकरं जोडतं आणि त्याच्या पुढच्या शिवेवर पोचवतं. गाडा मध्येच टाकून देता येत नाही. जिथं देवी थांबेल तिथं रोग थांबतो, आणि थांबवून घेणारं घर ती खाते अशी समजूत. म्हणजे बुळकांडी बकऱ्यांच्या अंगात बसून, हलगीच्या तालावर, गावोगावचा पाहुणचार घेत निघाली होती.

डॉक्टरांनी पुण्याला तार केली. उत्तर आलं की रोगप्रसाराच्या मान्य कारणांमध्ये देवीचा गाडा येत नाही. कचेरीत गेले, तर बाब धार्मिक असल्यामुळे विचाराधीन राहील असं कळलं. लस पुण्याहून निघाली होती, पण अजून कागदावरच होती. आणि गाड्याच्या वाटेवरचं पुढचं गाव होतं करंबेवाडी. सगळी धनगरांची वस्ती, मेंढरांच्या कळपांवर जगणारी. गाडा तिथं पोचला की संपलंच.

डॉक्टर जीप घेऊन पहाटेच करंबेवाडीच्या शिवेकडे निघून गेले. दुपारी परत आले तेव्हा जीपला मागे दोरानं बांधलेला गाडा होता आणि गाड्यावर मळवट भरलेली मरीआई. बकरी त्यांनी वाटेतच सरकारी दवाखान्याच्या वेगळ्या शेडमध्ये उतरवली होती. देवीचा गाडा त्यांनी आधी सोड्याच्या पाण्यानं आणि मग फिनेलनं धुतला, देवीलाही हलक्या हातानं पुसलं, आणि सूक्ष्मदर्शक खाली ठेवून टेबलावर तिची स्थापना केली.

त्याच संध्याकाळी कॉलनीची तातडीची सभा भरली. अध्यक्ष प्राध्यापक देशमाने, रसायनशास्त्राचे. वाचनालयात दरवर्षी विज्ञाननिष्ठेवर व्याख्यान द्यायचे आणि खेड्यातल्या लोकांचं अज्ञान सांगताना त्यांचा गळा भरून यायचा.

"माझा या गोष्टींवर काडीचाही विश्वास नाही," देशमाने म्हणाले, "पण रिस्क कशाला?"

सभेला हे फार पटलं. "तुम्ही शास्त्रज्ञ ना, डॉक्टर? आणि रोगाची देवी माणसांच्या वस्तीत आणून ठेवता?"

"रोग बकऱ्यांत आहे. बकरी शेडात आहेत," डॉक्टर म्हणाले. "हिच्यामुळं कुणाला काही झालं? बघितलं कुणी?"

"बघायची वेळ येईपर्यंत थांबायचं का?" देशमान्यांनी टेबलावर हात आपटला आणि ठराव एकमतानं मंजूर झाला. देवीनं कॉलनी सोडावी. देवीला तो कळवायला कुणी गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आमची मंडळी पदराखाली काहीतरी लपवून मागच्या दारानं शेजारी जाताना मला दिसली. ओटी होती. "घरात लेकरं आहेत, उगाच कशाला?" ती म्हणाली. तिच्या मागोमाग कॉलनीतल्या निम्म्या बायका येऊन गेल्या. सौ. देशमाने दिवेलागणीला आल्या, नारळ प्राध्यापकांनीच सोलून दिला होता. डॉक्टर प्रत्येकीला गोणपाटावर पाय पुसायला लावत आणि विचारत, "घरच्या कुत्र्याला टोचलंय का?" त्या आठवड्यात कॉलनीतली सगळी कुत्री टोचून झाली.

शिवेवर डॉक्टरांनी धुळाप्पाला शब्द दिला होता की देवीला दोन वेळा ताजा निवद मिळेल. त्यामुळे ते सकाळ-संध्याकाळ स्वयंपाक करू लागले. भिंतीपलीकडून फोडणीचा वास येऊ लागला. आणि एकदा बोलण्याचा आवाज आला, म्हणून मी कान दिला. डॉक्टर पुण्याला पाठवायचा अहवाल मोठ्यानं वाचत होते, मधून मधून थांबून कन्नडमध्ये समजावून सांगत होते. काळविटांचं निर्दोषत्व निदान एका वरिष्ठाला तरी पटलं असावं.

शेडातली बकरी एकामागून एक गेली. डॉक्टरांनी सगळी उघडून बघितली. बुळकांडीच होती. करंबेवाडीत साथ पोचली नाही, आणि उशिरा का होईना लस पोचली. साहेबांनी लिहिलं, लसीमुळे साथ आटोक्यात. कॉलनी म्हणाली, देवी प्रसन्न झाली. देशमाने म्हणाले, साथी आपोआपच जातात. डॉक्टर म्हणाले, "मेंढरं जिती आहेत. मी बघून आलो."

मग एका सकाळी धुळाप्पा चार गडी घेऊन देवीला न्यायला आला. रोग गेल्यावर तिला परत तिच्या ठाण्यावर बसवायची रीत. डॉक्टर आत आवराआवर करत होते, म्हणून तो माझ्या ओट्यावर टेकला. मी विचारलं, "काय हो, शिवेवर गाव तुटून पडलं असेल ना डॉक्टरांवर?"

"पडलं की. मागलं गाव म्हनत व्हतं फुडं ढकला, करंबेवाडी म्हनत व्हती आत घेनार न्हाय. काठ्या निगाल्या. तवा सायब मदी आलं. म्हनलं, द्या माज्याकडं." धुळाप्पानं तंबाखू मळता मळता मान हलवली. "मी म्हनलं, सायब, आसं करू नगा. ही थांबती तितलं मानूस नेती. तुमच्या घरात बायकापोरं आस्तील. तर हसलं. म्हनलं, धुळाप्पा, माज्या घरातनं ती नेनार कुनाला? मी येकटाच की."

 

तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले आणि गड्यांवर ओरडू लागले. "असं ओढू नका! खाली काहीतरी घाला, रस्ता खराब आहे." मग स्वतःच आत गेले, आपल्या खाटेवरची सोलापुरी चादर आणली, घडी करून देवीखाली सरकवली. धुळाप्पा म्हणाला, "सायब, चादर परत कवा द्यायची?" डॉक्टरांनी नुसता हात हलवला. गाडा वळणाआड गेला तरी ते फाटकात उभे होते.

मी जवळ गेलो. "डॉक्टर, आज दुपारी आमच्याकडे जेवायला या."

"का?"

"का म्हणजे काय? घरी कोण आहे तुमच्या?" बोललो आणि जीभ चावली.

डॉक्टरांना राग आला नाही. त्यांनी वळून उघड्या दारातून आत बघितलं, टेबलाकडे.

"होय की," ते म्हणाले. "आता कुणीच नाही."