ओळख पटल्याशिवाय हात लावू नये

रहिवाशांचा सन्मान जपावा म्हणून वृद्धाश्रमाने सर्व कर्मचाऱ्यांना बिल्ले दिले. बिल्ल्यावर नाव, हुद्दा आणि फोटो. नियम एकच: ओळख पटल्याशिवाय कोणीही रहिवाशाला हात लावू नये.

सात नंबरच्या खाटेवरच्या आक्कांना वाचता येत नव्हतं. पण माणसं पाठ होती. गार हाताची, चपला फरफटणारी, दार आपटणारा. शिवाय दोन वर्षांत आपली चादर एकदाही ओली झाली नाही, हा त्यांचा तोरा होता, आणि तो त्या रोज साऱ्या खोलीला ऐकवत.

मंगळवारी सकाळी आक्कांनी घंटी वाजवली. गार हाताची नर्स धावत आली आणि दोन पावलांवर थबकली.

"आक्का, फोटो बघा आणि 'ओळखलं' म्हणा."

"तुला काय ओळखायचं गं? लघवीला ने आधी!"

"बघूनच म्हणायचंय. वर कॅमेरा आहे."

आक्कांनी फोटो बघितला. जीभ आवरणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. "ही तू नव्हेस. ही हसतेय. तू कधी हसलीस?"

झालं! 'रहिवाशाने ओळख नाकारली' अशी नोंद झाली.

"अगं, चेष्टा केली मी! ओळखलं, ओळखलं!"

"आता तासभर नाही चालत, आक्का. दबावाखाली ओळखलं असं धरतात."

नियमाप्रमाणे पर्यवेक्षक आले. पण त्यांचा बिल्ला कोटाला, आणि कोट धुवायला. त्यांची ओळख पटवायला व्यवस्थापक हवे. ते सन्मानाच्या बैठकीत. तोवर दोघंही खाटेपाशी हात मागे बांधून, अत्यंत आदराने उभी राहिली.

"अरे मेल्यांनो, हात तरी द्या!" आक्का म्हणाल्या. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

चादर बदलली गेली. तक्त्यात लिहिलं: 'अनोळखी स्पर्श: नाही. सन्मान: अबाधित.'

त्याच रविवारी, आठ महिन्यांत पहिल्यांदाच, आक्कांचा मुलगा आला. फाटकावर फोटो काढून दिलेला बिल्ला त्याने छातीवर लावला होता.

"आई, ओळखलंस ना?"

आक्कांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि नर्सला हाक मारली. "काय लिहिलंय गं त्याच्यावर?"

"मुलगा."

"लिहिलंय ना? मग असेल."

जाताना त्याने बिल्ला फाटकावरच्या खोक्यात टाकला. त्यात असे पुष्कळ पडलेत. तुमचाही असेल, बघा. फक्त धूळ पुसून घ्या, फोटो ओळखू येत नाही.