होलरआई बोलली!

आमच्या स्टायरिया प्रांतात कुणाच्याही अंगणात जा, होलरचं झुडूप दिसेलच. पण माझ्या होलरसारखा होलर? शोधून दाखवा! उंची थेट छपरापर्यंत, आणि सप्टेंबरात काळ्याभोर फळांच्या घोसांनी असा लगडतो, की दागिन्यांनी मढलेली वरमायच! हे काही नशीब नव्हे. जुनी फांदी कुठली छाटायची आणि नवी कुठली राखायची, हे या गेबहार्टलाच विचारावं.

आणि माझं सरबत! हिवाळ्यात सर्दीपडशाला गावातल्या घराघरात माझी बाटली जाते आणि चाटूनपुसून परत येते.

शत्रू एकच, भोरड्या. थवाच्या थवा उतरतो आणि झुडूप ओरबाडतो. म्हणून यंदा मी जाळी आणली.

"मुंगीसुद्धा आत शिरणार नाही!" मी बायकोला सांगितलं. तेच आदल्या संध्याकाळी गुत्त्यातही सगळ्यांना ऐकवून झालं होतं.

"मग तू कसा शिरणार?" बुर्गीने विचारलं.

"मी मालक आहे!"

सकाळी टोपली घेऊन मालक आत शिरले. भोरड्या मागोमाग येऊ नयेत म्हणून जाळीची कड आतूनच खुंट्यांनी घट्ट ठोकली. टोपली भरत आली, शेवटचा घोस तोडायला हात वर केला आणि कोटाचं बटण अडकलं. ते सोडवताना कान अडकला. कान सोडवताना नाक! टोपली डोक्यावर उलटली आणि मी जांभळ्या रसाने न्हाऊन निघालो.

तेवढ्यात कुंपणापाशी म्हातारा विन्सेन्झ आला. गावाचा जुना पोस्टमन. होलरमध्ये होलरआई नावाची देवी राहते असं त्याच्या आजीने सांगितलेलं, म्हणून तो रोज माझ्या झुडपापुढे टोपी काढतो.

"नमस्कार, होलरआई. गुडघ्यांकडे लक्ष असू दे."

"विन्सेन्झ!" मी ओरडलो. पण जाळीत नाक चेंगरलेलं, आवाज निघाला मांजराच्या पिल्लाचा. "जाळी सोड! जाळी!"

विन्सेन्झला ऐकू आलं फक्त 'सोड'. तो पांढराफटक पडला. "दारू? सोडली, आई! आत्तापासून सोडली!"

आणि ज्या गुडघ्यांसाठी रोज नवस चालायचे, तेच गुडघे घेऊन तो हरणासारखा पळत सुटला!

थोड्याच वेळात अर्धं गाव कुंपणाशी. पुढे विन्सेन्झ, मागे शेजारची झेन्झी, बुर्गीसुद्धा. आता मी काय म्हणून बोलणार? मुंगीची बढाई मारणारा स्वतःच पाखरासारखा अडकलाय, हे सांगणार? पानांआड अंग चोरून उभा राहिलो.

तर बुर्गी पुढे आली आणि हात जोडून म्हणाली, "होलरआई, मलाही काही कबूल करायचंय. नवरा माझा गुणी आहे, पण सरबत भयंकर करतो. कच्च्या होलरने पोट बिघडतं, आणि हा फळं धड उकळतच नाही. एकदा चर्चची गायकमंडळी ते प्यायली, आणि अख्खी प्रार्थना संडासाबाहेर रांगेत झाली! तेव्हापासून त्याचं सरबत मी गोठ्यामागे ओतते आणि बाटल्यांत दुसरंच भरते. मला माफ कर."

"कुणाचं भरतेस?" मी गरजलो. या वेळी आवाज कसा खणखणीत निघाला!

"झेन्झीचं," बुर्गी शांतपणे म्हणाली. "आता बाहेर ये. बूट दिसताहेत केव्हाचे."

हसून हसून लोक कुंपणावर लोंबकळले. बुर्गीने कात्रीने जाळी कापली. मी बाहेर आलो, वांग्यासारखा जांभळा.

"तुम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं?"

कुणी ढगांकडे पाहिलं, कुणी चपलांकडे.

"म्हणजे मी दारू उगाचच सोडली?" विन्सेन्झने कळवळून विचारलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हा झेन्झी जवळ आली. "मनाला लावून घेऊ नकोस, गेबहार्ट. सरबत माझं असलं तरी फळं तुझीच असतात. बुर्गी रात्री गुपचूप टोपल्या पोचवते माझ्याकडे. असा रसरशीत होलर माझ्या अंगणात जन्मात यायचा नाही."

मी चेहऱ्यावरचा रस पुसला, कोट सारखा केला आणि छाती पुढे काढली.

"झेन्झी, जरा मोठ्याने म्हण ना," मी म्हणालो. "मागच्यांना ऐकू आलं नाही!"