राजगिऱ्याचे डॉक्टर

अंबाजोगाईत सोनोग्राफीचे एक डॉक्टर आहेत, ते यंत्राआधी लाडवाचा डबा उघडतात. पोटातलं बाळ पाठ फिरवून बसलं की त्याचं हृदय नीट दिसत नाही. मग आईनं राजगिऱ्याचा लाडू खाऊन व्हरांड्यात फेऱ्या मारायच्या. गोड पोचलं की बाळ बहुतेक वळतं. "आधी लाडू, मग गोष्टी!" हा त्यांचा मंत्र. डॉक्टर मूळचे शिरूर कासारचे, बोली सोडलेली नाही. बाळाला 'पाव्हणं' म्हणतात.

पूर्वी डब्यात पेढे असायचे. एकदा माजलगावच्या एक सासूबाई तिथंच ओरडल्या, "पोरगा हाय! डॉक्टरनं पेढा दिला!" डॉक्टरांना घाम फुटला. मुलगा की मुलगी, हे सांगणं म्हणजे सरळ तुरुंग. दुसऱ्या दिवशी जिलेबी आणली, तर दुसरी म्हातारी भिंतीला टेकून रडायला लागली. तेव्हापासून राजगिरा.

मी तरी सोडते की काय! नातसुनेला, सुषमाला, घेऊन गेले तेव्हा विचारलंच, "डॉक्टर, लाडू मोठा दिलाय का बारका?"

"आज्जी, तुमी भाईर बसा."

हसू नका. माझ्या पहिल्या गरोदरपणात मी तिखट सोडलं होतं, बाळाच्या डोळ्यांत जाईल म्हणून! त्या अकलेपुढं ही लाडवाची अक्कल बरी.

त्या दिवशी तिसऱ्या लाडवाला पाव्हणं वळलं, पण डॉक्टर पुन्हा पुन्हा त्याच जागी यंत्र फिरवत राहिले. मग मला आत बोलावलं.

"आज्जी, हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या नळ्या एकमेकींच्या जागी लागल्यात. पोटात हाय तोवर निभतंय. जन्मल्यावर लगोलग ऑपरेशन लागंल. बाळंतपण पुण्यालाच करा."

"वाचंल का?"

"आधी कळलंय, म्हणून लई आशा हाय. न कळता घरी नेलं असतं तर अवघड होतं."

 पुण्याला फोन त्यांनीच लावले.

बाळ चार महिन्यांचं झाल्यावर त्याला घेऊन मी त्यांच्याकडे गेले. खोक्यात अर्धे पेढे, अर्ध्या जिलब्या. बसा ओळखत! पण त्यांनी खोकं उघडलंच नाही. बाळाच्या छातीवरच्या टाक्यांच्या रेघेवर अलगद बोट टेकवलं.

"काळीज ओळखीचं हाय. तोंड आज बघितलं." मग चष्मा पुसत म्हणाले, "आज्जी, माझ्याकडं सगळे पोटातच येतात. भाईर आल्यावर कुणी दाखवाया आणत न्हाई."

मी बाळाला खांद्यावर घेतलं, तशी त्याची पाठ डॉक्टरांकडे झाली.

"पाव्हणं," डॉक्टर हळूच म्हणाले, "जरा इकडं वळा की."

वळलं. लाडवाशिवाय.