सातव्या मण्याला उतू जाणारं दूध

“फादर, एकदाच रेकॉर्ड केलेली जपमाळ रोज पाठवली, तर मरीयामातेला कळतं का?”

प्रश्न मैत्रिणींचा, पैज चिंचेच्या गोळ्यांची आणि तोंड आरोहीचं. नववीत गेल्यापासून हे तोंड कुणाला भीत नव्हतं. तेलगावच्या छोट्या चर्चमधली रविवारची मिस्सा नुकती संपली होती, माणसं चपला शोधत होती. फादर हसतील, असा तिचा अंदाज. फादरांनी खिशातून मोबाईल काढला.

ऑक्टोबर म्हणजे जपमाळेचा महिना. पूर्वी रोज संध्याकाळी मरीयामातेची मूर्ती या घरून त्या घरी जायची. मागं अख्खी गल्ली, शेवटी गूळ-शेंगदाणे. आरोही तेव्हा एवढीशी होती, पण गुळाच्या आशेनं पन्नासही मणी पुरे करायची. आता जो तो कापूस वेचून थकलेला. म्हणून ठरलं, पाच घरांनी दहा-दहा मणी म्हणून सात वाजता ग्रुपवर टाकायचे. आरोहीनं पहिल्या दिवशी मन लावून म्हटले. पुढचे अकरा दिवस तेच पाठवले.

फादरांनी तिचं कालचं रेकॉर्डिंग लावलं. सातव्या मण्याला मागून आईची हाक, “आरोहे, दूध गेलं बघ उतू!” आणि लगेच आरोही, “आम्हां पापी लोकांसाठी, आले गं, विनंती कर.”

परवाचं लावलं. सातवा मणी. दूध उतू.

“अगं बया!” आईनं पदर तोंडाला लावला.

“देवाला फसवतीस व्हय गं?” रामप्रसादकाका गरजले.

“काका, तुमच्या पाचव्या मण्याला बी रोज तीच शेळी वरडती!”

फादरांनी काकांचं लावलं. शेळी वेळेवर हजर. विमलबाईंकडं रोज एकच ताट पडत होतं, आणि भागवत मास्तरांना बारा दिवस एकच शिंक. अंगणात असा हशा उसळला की फादरांनाही आवरेना.

हसली नाही ती फक्त साखराबाई. गल्लीत सगळ्यांत म्हातारी, घरात एकटी.

“म्हंजे तुमी कुणीच बसत नव्हताव?” ती म्हणाली. “मी आपली रोज फोन म्होरं ठिवून बसायचे. वाटायचं, समदे बसल्यात, आपण मधीच कसं उठावं? अन् तुझ्या आईची लई काळजी वाटायची, बाई. रोजच्याला एवढं दूध जातंय. काल मोठं पातेलं काढून ठिवलंय तिच्यासाठी.”

फादरांनी मोबाईल खिशात ठेवला.

“आजी, उद्यापासून खरंखुरं रेकॉर्ड करतो,” काका पुटपुटले.

“कर बाबा,” म्हणत ती हळूहळू निघून गेली.

घरी ताटावर बसताच बाबांनी हात पुढं केला. “मोबाईल आण इकडं. आजपासून बंद.”

“घ्या,” आरोहीनं तो त्यांच्या हातावर ठेवला. “मला न्हाई लागत. आज सातला मी साखराआजीकडं बसणार. उद्या बी. महिना संपस्तोर.”

“फादरांना विचारलंस?” आई म्हणाली.

“सांगून आले. अन् तुमी दोघं बी येताव. इचारत न्हाई, सांगायलेय.”