श्रावणकाकांची लेन्स

श्रावणकाकांच्या घरी गेलं की पाण्याआधी कोपरा मिळतो. "ये पोरी, तिथं उभी राय. कपाटाले चिकटून." फोटो निघतो, काका तो पडद्यावर मोठा करून पाहतात, "गाल वढला गेला" असं पुटपुटतात आणि मग आपण कशाला आलो ते विचारतात. दूधवाला, गॅसवाला, वीजबिलाचा माणूस, सगळे त्या कोपऱ्यात उभे राहून गेलेत. मी तर दोन वर्षं उभी आहे.

आदिलाबादच्या मंडल कचेरीतून काका कारकून म्हणून निवृत्त झाले आणि येताना कचेरीची रीत घरी घेऊन आले. लेन्स म्हणजे दुकानात जाऊन घ्यायची वस्तू, हे त्यांना मान्य नाही. प्रत्येक लेन्सची एक मिसल, म्हणजे फाईल, लाल फितीत बांधलेली. नावं मिलिमीटरच्या आकड्यांवरून; आकडा जितका लहान, तितकी लेन्स रुंद पाहते. दहा-अठरा वजनाला हलकी, पण कोपरे धुरकट: एतराज, म्हणजे हरकत. अकरा-सोळा अंधारात छान, पण झूम नावालाच: एतराज. बारा-चोवीस भिंती सरळ ठेवते, पण काकांचं मनगट दुखतं: सुनवाई पुढच्या महिन्यात. नागपूरच्या एका दुकानातून लेन्स दोन दिवस भाड्यानं आणायची, घरातले कोपरे तपासायचे, परत बसनं नेऊन द्यायची. दुकानदार एकदा वैतागून म्हणाला, "साहब, लेना कब है?"

"सुनवाई चल रही है," काका म्हणाले.

यात मी अडकले ती विहारामुळे. आमच्या वस्तीतल्या विहाराचा जुना पत्र्याचा हॉल पाडून नवा बांधायचं दोन वर्षांपूर्वी ठरलं; पाडायची तारीख लांबत लांबत आता सोमवारवर आली होती. त्याआधी रविवारी सगळ्या वस्तीचा त्या हॉलमध्ये एक फोटो, आणि तो स्मरणिकेत पहिल्या पानावर. स्मरणिका माझ्याकडे, फोटो काकांकडे. हॉल इतका अरुंद की मागे सरकायला जागा नाही. साध्या लेन्समध्ये दोन्ही कडांची माणसं कापली जायची. फार रुंद पाहणारी लेन्स सगळ्यांना आत घेते, पण कडेच्यांना ताणते. मधल्याचा चेहरा नीट, कडेच्याचा भोपळा.

हे कळलं त्या दिवशी मी कोपऱ्यातूनच भाषण ठोकलं. "काका, मधे बसणाऱ्यांना सगळं आणि कडेच्यांची विटंबना? यावर पत्रक काढलं पाहिजे!"

"काढ," काका कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाले. "पन आदी डावीकडं सरक."

दोन वर्षांत माझा आवेश तिथंच, कपाटाला टेकून, झिजला. शनिवार उजाडला तरी निकाल नव्हता. विहाराचे अध्यक्ष गुलाबराव सकाळीच काकांच्या दारात आले. "श्रावण, मी मधात बसतो. माहं तोंड तं सरळच येईन नं? मंग येवढं काय पाहून राह्यला?"

काकांनी त्यांनाही कोपऱ्यात, फोटोच्या कडेला उभं केलं, फोटो दाखवला. गुलाबराव स्वतःचा भोपळा बघून चपला घालून गेले.

मी मात्र चिडले. "उद्या फोटो आहे काका. कुठलीही लावा. होऊ द्या कोणाच्या गालाचं काय व्हायचं ते."

काका उठले. कपाटातून विहाराच्या कार्यक्रमांचे जुने फोटो काढले, खाटेवर पत्त्यांसारखे मांडले आणि प्रत्येकाच्या डाव्या कडेवर बोट ठेवत गेले. एकात नुसता खांदा. एकात अर्धं कपाळ. एकात ताणून लांबोडका झालेला चेहरा. सगळीकडे एकच बाई, त्यांची मोठी बहीण पंचफुलाअक्का. कार्यक्रम कोणताही असो, अक्का चुलीपाशी असते. फोटोची हाक गेली की शेवटी येते, ओले हात पदराला पुसत, आणि रांग जिथं संपते तिथं उभी राहते. याच हॉलच्या पायाला तिनं टोपल्या वाहिल्या होत्या. भैंसा गावाकडच्या शेतांत कापूस वेचून तिनंच काकांना मॅट्रिक केलं होतं.

"हा पाहून हासली होती," लांबोडक्या चेहऱ्यावर बोट ठेवत काका म्हणाले. "'हे कोन रे, म्हस?' म्हने. मंग तिनं फोटो पालथा ठेवला."

"मग अक्काला मधे उभं करा ना! सोपं तर आहे."

"म्हटलं नं. पन्नास वर्सं म्हनून राह्यलो. येत नाई. 'माह्या हाताले कांद्याचा वास येते' म्हंते." काका फोटो गोळा करू लागले. "तिले मधात आनता येत नाई, मंग लेन्सच बदलावी लागते."

मी खाटेवरचे उरलेले फोटो उचलून त्यांच्या हातात दिले.

रविवारी काका दहा-वीस मिलिमीटरची लेन्स भाड्यानं घेऊन आले. भिंतीला पाठ लावून, दहावर ठेवून, पहिला फोटो काढला. जमलेली सगळी वस्ती मावली. काकांनी पडद्याची डावी कड मोठी करून पाहिली; तिथल्या माणसाचा गाल ताणलाच होता. ते बाहेर गेले, पहार घेऊन आले आणि पाठ लावली होती त्याच भिंतीतली खिडकी चौकटीसकट उचकटायला लागले.

"अरे श्रावण, पाडाचं उद्या हाय!" गुलाबराव खुर्चीवरून ओरडले.

चौकट निघाली. काकांनी बाहेर नालीच्या काठावर स्टूल ठेवलं, त्यावर चढले आणि भगदाडातून कॅमेरा रोखला. इतकं मागे गेल्यावर लेन्स चौदावर चालली. इतक्या लांबून कोणालाच फारसं ताणायची गरज नव्हती.

आत सगळे पत्र्याच्या सावलीत. बाहेर काकांच्या टकलावर ऊन. अक्का शेवटी आली, रांगेच्या टोकाला उभी राहिली, आणि तिला भगदाडात भाऊ दिसला.

"श्रावन्या, उन्हात काऊन उभा हायेस रे? आत ये नं फोटूत." आणि त्याला जागा करून द्यायला ती आणखी कडेला सरकू लागली.

"हालू नको अक्का," काका म्हणाले. "हाय तिथंच राय."