शेवंताताईंचे पाय काय म्हणतात

मार्चचा पहिला सोमवार. ठिकाण: औंढा रस्त्यावरचा बंडूशेठचा पोहण्याचा तलाव. हजर: तपासणीसाठी मी, तलावाचे मालक बंडूशेठ आणि माझ्या सहकारी निरीक्षक शेवंताताई राठोड. पैकी शेवंताताई पायरीवर, साडी पोटरीपर्यंत वर, पाय पाण्यात, डोळे मिटलेले.

ही त्यांची तपासणी. मी नळीत पाणी घेते, औषधाचे थेंब टाकते, पिवळा रंग तक्त्याशी ताडून क्लोरीन लिहिते. गाळणयंत्र, पाय धुण्याची जागा, बुडणाऱ्याला फेकायची ट्यूब, सगळं यादीप्रमाणे बघते. आणि शेवटी मालक विचारतात त्यांना. "ताई, तुमचे पाय काय म्हनतेत?" त्यांना चहा कपबशीतून येतो, मला कागदी कपातून. कुठल्याही तलावावर जा, हेच.

त्या दिवशी माझी यादी पूर्ण झाली होती. परवाना मिळाला की दुसऱ्याच दिवशी बायकांची पहिली तुकडी सुरू व्हायची होती. मी सही करणार, तेवढ्यात ताई ओल्या पायांनी बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत जाऊन आल्या.

"पानी बराबर हाय. परवाना न्हाई."

"काहून?" बंडूशेठ.

"दाराला आतून कडी न्हाई."

बंडूशेठ हसले. बाहेर आपला माणूस बसलेला असतो, कडी कशाला, असं त्यांचं म्हणणं. ताई शांतपणे म्हणाल्या, "मंग तुमी बदला आत कपडे. मी बसते भाईर."

कडी आणायला लगेच माणूस गेला. माझ्या यादीत कडी नव्हती. परतताना मी स्कूटी जरा जोरातच हाणली.

ऑफिसच्या फाटकात उतरल्यावर ताईंनी पिशवीतून पोहण्याचे दोन पोशाख काढले. पूर्ण बाह्यांचे, घोट्यापर्यंतचे. निळा माझ्या हातात दिला.

"इतकी वर्सं नुसते पायच भिजवून राहिले. एकटीनं उतरायचा धीर होत न्हाई."

मी म्हटलं, तुम्हाला काय, गावभर तुमची माणसं.

"चा पाजनारे लई हायेत, मॅडम. संगं उतरंल असं कुनी न्हाई. तुमचं माप अंदाजानंच घेतलं."

घरी जाऊन घालून पाहिला. माप अचूक निघालं, याचाही मला जरा रागच आला.

कडी बसली. परवाना दिला. तुकडी सुरू झाली. निळा पोशाख ऑफिसात माझ्या टेबलाच्या खणात आहे. ताई काही विचारत नाहीत, फक्त जाता-येता खणाकडे बघतात. आजच्या यादीतली बाकी सगळी कामं झाली. त्यांना हो म्हणायचं तेवढं राहिलंय.